माळ्यावरचा घोडा आणि इतिवृत्ताची वही

बचतीचे हप्ते, बँकेचे कागद हे सगळं आज थोडं बाजूला ठेवू. आज आम्ही तुम्हाला एका घोड्याची गोष्ट सांगणार आहोत. घोडा लाकडाचा आहे, रंगवलेला आहे आणि पहूरमध्ये आमच्या गटातल्या एका आजींच्या घरी आहे. गेल्या पावसाळ्यात तो विकला जाता जाता राहिला.

झालं असं, की एका गुरुवारी दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस गल्लीत आला. नीटनेटका, गोड बोलणारा. पितळी समया, अडकित्ते, पाळणे, देव्हारे, नक्षीचे खांब असं जुनं सामान विकत घेतो म्हणाला. आजींच्या ओसरीवर पाणी प्यायला आणि विचारलं, "मावशी, माळ्यावर काही पडलंय का?" आजींचं घर धाब्याचं, जुनं. माळ्यावर फुटकी पाभर, मोडका पाळणा आणि गोणपाटात गुंडाळलेला हा घोडा. तो खाली काढला. माणसानं उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "लाकूड किडलंय, रंग गेलाय, कान तुटलाय. पण तुम्ही म्हाताऱ्या माणूस, म्हणून तीन हजार देतो." आजी गप्प राहिल्या, तसा तो पाच हजारांवर आला. पाचशे रुपये विसार म्हणून हातात ठेवले आणि सोमवारी गाडी घेऊन येतो म्हणून निघून गेला.

शनिवारी गटाची बैठक होती. आजींनी पाचशेची नोट दाखवली आणि सगळं सांगितलं. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पहिल्या हप्त्याला आठ हजार कमी पडत होते. आजी म्हणाल्या, "पोरीची फी भराची हाय. घोडा काय कामाचा मले?"

बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाली, "माणूस मोठं की लाकूड? विकून टाका." दुसरी म्हणाली, "माझ्या सासूची समई याच माणसानं गेल्या वर्षी मोडीच्या भावानं वजनावर नेली. आता दिवाळीला समई नाही आणि पैसेही नाहीत." दोघींचं खरं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, की आधी घोडा नीट पाहू, मग भाव बोलू.

तुम्हाला सारंगखेड्याची यात्रा माहीत असेल. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात. तिथे घेणारा माणूस आधी काय करतो? घोड्याचं तोंड उघडून दात पाहतो, म्हणजे वय कळतं. कपाळावरचे, मानेवरचे भोवरे पाहतो. चाल पाहतो. कुठल्या घोडीचा, कुणाच्या घरचा, हे विचारतो. मग भाव निघतो. विकणाऱ्यालाही हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तो फसत नाही. आमच्या आजींना मात्र आपल्या घोड्याचे दात मोजता येत नव्हते. घेणाऱ्याला ते येत होते. सगळा फरक तेवढाच होता.

तर आम्ही घोडा ओसरीवर उजेडात ठेवला. उंची साधारण दीड हात. अंग तांबडं, त्यावर पिवळे-हिरवे पट्टे, खोगिराच्या जागी फुलांची नक्षी. मान उजवीकडे वळलेली. एक कान तुटलेला. आणि पोटाखाली एक गोल भोक, अंगठा जाईल एवढं. ते किड्याचं नव्हतं, मुद्दाम पाडलेलं होतं.

भोक पाहिल्यावर शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारबाबांना बोलावलं. बाबांनी आत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "हे खेळणं नाही. इथे दांडा बसायचा. हा कशावर तरी बसवलेला घोडा आहे, रथावर नाहीतर वहनावर. आणि मान वळवलेली आहे म्हणजे एकटा नव्हता, जोडी असणार."

वहन म्हटल्यावर आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. तो रथोत्सव १८७२ मध्ये अप्पा महाराजांनी सुरू केला. म्हणजे दीडशे वर्षं उलटून गेली. एकादशीच्या आधीचे दिवस रोज एक वहन निघतं. वहन म्हणजे देवाचं वाहन. घोडा, हत्ती, सिंह, चंद्र, सूर्य, गरुड, मारुती अशी वहनं जुन्या जळगावच्या गल्ल्यांतून फिरतात. बाया दारात सडा-रांगोळी करतात, ओवाळतात. एकादशीला रथ निघाला, की चाकाखाली मोगरी लावून त्याला आवरणारे आणि वळवणारे लोक असतात. ते कसब घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. वाटेत भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो आणि तिथे चादर चढवली जाते. पारोळ्याला बालाजीची वहनं आणि रथ निघतो. आमच्या शेजारी शेंदुर्णीला कार्तिकात त्रिविक्रमाचा रथ निघतो. पहूरच्या किती बाया माहेरपणाला शेंदुर्णीच्या यात्रेला जात असतील, त्यांची मोजदाद नाही. म्हणजे लाकडी घोडा ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हती. जिथे रथ होता, तिथे घोडे होते. आणि घोडे होते, म्हणजे ते घडवणारे सुतार आणि रंगवणारे हात होते.

घोड्याचा मान आपल्याकडे का, तेही पाहा. खानदेश हा उत्तरेतून दख्खनला जाणारा रस्ता. बऱ्हाणपूर एका अंगाला, अजिंठ्याचा घाट दुसऱ्या अंगाला. मोगलांच्या, मराठ्यांच्या, शेवटी इंग्रजांच्या फौजा याच मुलखातून गेल्या. ज्याच्या दारी घोडा, तो वतनदार, पाटील, शिलेदार. खंडोबा घोड्यावर बसलेला. नवरदेव घोड्यावर बसलेला. दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालून हळदकुंकू लावायची रीत. भिल्ल समाजात नवस फेडताना देवस्थानी मातीचे घोडे वाहायची जुनी चाल आहे. पुढे घरोघरचे खरे घोडे गेले. चारा परवडेना, मोटारी आल्या. आजींच्या घरी दसऱ्याला मग या लाकडी घोड्यालाच कुंकू लावायचे. आजींना ते आठवत होतं. "सासू आधी घोड्याले कुंकू लावे, मग नांगराले," असं त्यांनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कधी सांगितलं नव्हतं.

लाकडाच्या देवाशी आपली बायकांची ओळख तर जुनीच आहे. आखाजीला आपण गौराई बसवतो. कितीतरी घरांत ती गौर लाकडाची असते, सुतारानं घडवलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. वर्षभर ती फडक्यात बांधून कोनाड्यात असते आणि आखाजीला तिला पुसून, नटवून झोक्यावर बसवतात. तिच्यावर कुठे सही-शिक्का नसतो. पण ती कुणी आणली, कुठल्या सासूनं दिली, हे घरातल्या बाईला माहीत असतं. घोड्याचंही तसंच होतं, फक्त विचारायचं राहिलं होतं.

आता हा घोडा घडवला कसा असेल? सुतारबाबांनी एकेक गोष्ट दाखवली. धड सागाच्या एका ओंडक्याचं. सातपुड्याचा साग पूर्वी इथे सहज मिळायचा. पाय वेगळे घडवून बसवलेले. सांध्यात कुठे स्क्रू नाही, लाकडाच्याच खुंट्या ठोकलेल्या. शेपटीच्या बुडाशी दोन खिळे, तेही लोहारानं हातानं ठोकलेले, डोकी वेडीवाकडी. कारखान्यातल्या खिळ्याचं डोकं गोल आणि सारखं असतं. रंगाचंही तसंच. जुने कारागीर आधी लाकडावर खडू आणि सरसाचा पातळ लेप देत, मग त्यावर रंग. गेरूचा तांबडा, हरताळाचा पिवळा, काजळीचा काळा. तुटलेल्या कानापाशी रंगाची खपली उडाली होती, तिथे खाली पांढरा लेप दिसत होता आणि त्याच्यावर रंगाचे दोन थर. म्हणजे मधे कधीतरी तो पुन्हा रंगवला होता. दुसरीकडे दुसरी रीत. कोकणात सावंतवाडीची रंगीत खेळणी प्रसिद्ध आहेत, ती पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करत आणि लाखेनं चमकवत. ज्या मुलखात जे झाड, त्या मुलखात त्याची कला.

हे घडवणारा सुतार गावगाड्यातला बलुतेदार. वर्षभर नांगर, वखर, बैलगाडी नीट करायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. त्याच हातांनी त्यानं हा घोडा केला. नाव कुठेच लिहिलं नाही.

मैत्रिणींनो, वस्तू जुनी आहे की जुनी केलेली आहे, हे ओळखायला शिका. कारण या बाजारात फसवणूक दोन्हीकडून होते. नवं लाकूड घडवून त्याला चहाचं पाणी, बुटाचं पॉलिश, धूर लावून, मातीत पुरून जुनं केलं जातं आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला विकलं जातं. खऱ्या जुन्या वस्तूची झीज जिथे हात लागतो तिथेच असते. आमच्या घोड्याची पाठ आणि मान गुळगुळीत होती, कारण पोरं चोरून त्याच्यावर बसत. पोटाखाली मात्र रंग तसाच होता. केलेल्या जुन्या वस्तूची झीज सगळीकडे सारखी असते, जिथे कुणाचा हात जाणार नाही तिथेही. जुनं लाकूड वर्षानुवर्षं वाळून आक्रसतं, म्हणून सांध्यापाशी बारीक भेगा दिसतात. आणि वस्तू उलटी करून बूड पाहावं. बूड खोटं बोलत नाही, असं सुतारबाबा म्हणाले.

मग प्रश्न आला वयाचा. घोड्याच्या अंगावर साल नाही, घरात कागद नाही. तेव्हा आम्ही सुनांच्या पायऱ्यांनी वर्षं मोजली. आजी या घरात लग्न होऊन आल्या चीनच्या लढाईनंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९६५ मध्ये. तेव्हा घोडा होता. त्यांची सासू आली ती फैजपूरच्या काँग्रेसच्या साली. गांधीजी, पंडित नेहरू आले होते ते फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ चं. खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, आणि ते आपल्या खानदेशात भरलं. सासू सांगायची, की ती आली तेव्हाही घोडा होता आणि तिच्या सासूनं तिला पहिल्या दसऱ्याला घोड्याला कुंकू लावायला लावलं. ती आजेसासू आली तेव्हा आपली पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे अजून सुरू व्हायची होती. ती गाडी आली १९१८-१९ च्या सुमाराला. तीन सुना मोजल्या आणि आम्ही शंभर वर्षांच्या पलीकडे गेलो. इतिहासाच्या पुस्तकात सन राजांच्या नावानं लागतात, आम्ही ते सुनांच्या नावानं लावले. इतिवृत्ताच्या वहीत तसंच लिहिलं.

या शंभर वर्षांना कायद्यातही अर्थ आहे. पुराणवस्तूंसाठी केंद्र सरकारचा १९७२ चा कायदा आहे, तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्या कायद्यानं, निदान शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तू ही पुराणवस्तू ठरते. अशा वस्तूंचा खरेदी-विक्रीचा धंदा करायचा, तर सरकारी परवाना लागतो. दगड, धातू, हस्तिदंत, लाकूड अशांतल्या कोरीव मूर्ती-शिल्पांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. वस्तूची मालकी बदलली, तर तेही कळवावं लागतं. आणि खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. पाठवली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. म्हणजे आपल्या घरची वस्तू देशातल्या देशात विकणं हा गुन्हा नाही. पण घेणाऱ्याकडे परवाना आहे का, हे विचारायचा आपला हक्क आहे. देवळाची वस्तू असेल तर ती गावाची, एकट्यादुकट्यानं विकायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता त्या माणसाचं बोलणं आठवा. आजींपुढे तो म्हणतो, किडलेलं जुनं लाकूड. तोच घोडा पुढे शहरात गेला, की तोच माणूस गिऱ्हाइकाला म्हणणार, शंभर वर्षांपूर्वीचा दुर्मिळ घोडा. आमच्यातल्या एका मुलीनं मोबाईलवर असेच रंगीत लाकडी घोडे विकायला ठेवलेले दाखवले. कुठे चाळीस हजार, कुठे लाखाच्या घरात. आजी हसल्या, त्यांना खरंच वाटेना. आम्ही त्यांना हेही सांगितलं, की तो आकडा म्हणजे सगळा नफा नव्हे. त्यात गाडीभाडं आहे, दुरुस्ती आहे, दुकानाचं भाडं आहे, मधल्या चार-पाच हातांचा वाटा आहे, आणि सांगितलेली किंमत मिळतेच असंही नाही. पण पाच हजार आणि चाळीस हजार यांच्यामध्ये आजींचा वाटा कुठेतरी हरवलेला होता, हे नक्की.

वस्तू जागेवरून हलली, की काय होतं, हे सांगायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या पहूरवरून रोज अजिंठ्याला गाड्या जातात. आपली वाघूर नदी त्याच लेण्यांच्या, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या दरीतून खाली येते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती लेणी पडली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८२८ मध्ये, डॉक्टर बर्ड नावाच्या एका साहेबानं भिंतीवरच्या चित्रांतल्या काही आकृती सोलून काढायचा प्रयत्न केला. त्यांचा भुगा झाला. पुढे चित्रांचे काही तुकडे लोकांनी काढून नेले, त्यातला एक आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तो तिथे नीट जपलेला आहे, हेही खरं. पण काचेमागचा तो तुकडा कुठल्या भिंतीवरचा, त्याच्या शेजारी कोण होतं, हे पाहायचं तर माणसाला पुन्हा आपल्या वाघूरच्या काठीच यावं लागतं. वस्तू उचलता येते, तिची जागा उचलता येत नाही.

जपणारेही आपल्याकडे झाले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या वाड्यांतले, माळ्यांवरचे, पेट्यांतले जुने कागद गोळा करत. त्यांचं निधन धुळ्यात १९२६ च्या शेवटच्या दिवशी झालं आणि १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. ते आजही आहे, तिथे जुने कागद आणि मूर्ती पाहायला मिळतात. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरच्या रोजच्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारं. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई बरोबरीनं होत्या. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये ते सरकारच्या स्वाधीन केलं. आपण संग्रहालयात तलवारी पाहायला जातो, पण तिथे आपल्या आज्यांच्या फण्यासुद्धा आहेत. कुणाला तरी त्या जपण्यासारख्या वाटल्या, म्हणून त्या आहेत.

आणि आपल्या बहिणाबाई चौधरी. आसोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे सुचलं ते घरच्यांनी वेळोवेळी टिपून ठेवलं. त्या १९५१ मध्ये गेल्या, त्यानंतर मुलानं, सोपानदेवांनी, ते आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. टिपून ठेवलं नसतं, तर महाराष्ट्राला बहिणाबाई माहीत झाल्या नसत्या. घरात बोलणाऱ्या बाईचं कुणीतरी लिहून घेतलं पाहिजे, एवढंच आम्हाला त्यातून घ्यायचं आहे.

आम्ही गटवाल्या बायका लिहिण्यात पक्क्या आहोत. कुणी किती बचत भरली, कुणाला किती कर्ज दिलं, कुणी सही केली, कुणी अंगठा दिला, सगळं वहीत असतं. त्या शनिवारी इतिवृत्ताच्या वहीत आधी आजींच्या कर्जाचा ठराव लिहिला. अंतर्गत कर्ज आठ हजार, दहा महिन्यांत फेड, नेहमीच्याच व्याजानं. आणि त्याच्याखाली घोड्याचं वर्णन. उंची, लांबी, रंग, लाकूड, भोक, तुटका कान, कुणाच्या घरी, कुणी काय सांगितलं. चारही बाजूंनी फोटो काढले. मोजपट्टी शेजारी ठेवून काढले, म्हणजे माप कळतं.

लिहिता लिहिता आम्ही आजींना विचारलं, "आजी, सुतारबाबा म्हणतात जोडी होती. दुसरा घोडा कुठे गेला?"

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात गेला."

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या जुन्या बायांनी पाहिला आहे. विहिरी आटल्या, गुरं कवडीमोलानं गेली. बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा. आजींचा पहिला मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. एका फिरत्या व्यापाऱ्यानं एका घोड्याच्या बदल्यात ज्वारी दिली, पायलीनं मोजून. सासूनं डावा घोडा दिला, उजवा ठेवला. देताना त्याला कुंकू लावलं. "त्या ज्वारीवर आम्ही महिना काढला," आजी म्हणाल्या. "म्हनून म्या ह्या सोडाले तयार झाली. तवाबी पोरासाठीच दिला होता."

हे ऐकल्यावर "माणूस मोठं की लाकूड" म्हणणारी आमची मैत्रीण आणि समई गेलेली मैत्रीण दोघी एकदम गप्प झाल्या. सासूनं तेव्हा चूक केली असं आम्ही म्हणणार नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. तिला गट नव्हता, कर्ज नव्हतं, दुसरा भाव विचारायची सोय नव्हती. आजींना तो रस्ता होता, म्हणून त्यांना निवड करता आली. बचत गटाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं, तर आम्ही हे सांगतो. अडलेल्या बाईला विचार करायला चार दिवस मिळतात.

सोमवारी तो माणूस टेम्पो घेऊन आला. आजी ओसरीवर बसल्या होत्या, आम्ही पाच-सहा जणी बाजूला. आजींनी पाचशेची नोट त्याच्या पुढे ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, विसार परत घ्या. घ्यायचाच असंन तर परवाना दाखवा, पावती लिहा, मंग बोलू." तो आधी हसला, मग सात हजार म्हणाला, मग दहा. परवान्याचं काही बोलला नाही. नोट खिशात घालून निघून गेला, तो पुन्हा गल्लीत दिसला नाही.

आजींच्या मुलांना ही गोष्ट कळली, तेव्हा दोघांची मतं वेगळी निघाली. एक म्हणतो, ठेव. एक म्हणतो, चांगला भाव आला तर देऊन टाक, घर गळतंय. आजी म्हणतात, घोडा माझ्या सासूनं माझ्या हातात दिला, तर ठरवणार मी. नोंदणीसाठी काय कागद लागतात, ते आम्ही विचारून घेत आहोत. पुढे त्या विकतीलही. पण विकल्या तरी काय विकलं हे माहीत असून विकतील, आणि वहीतलं पान गावातच राहील.

तुमच्या गटातही असं एक पान करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आठवावी. गौर, पाळणा, जातं, समई, पेटी, काहीही. ती कुणी आणली, कुठल्या सुनेच्या वेळी आली, कशाला वापरत, तिला काय म्हणत, हे लिहा. फोटो काढा. जुन्या बायांना आधी विचारा, कारण त्या आज आहेत. रंगीत लाकडी वस्तू असेल तर पाण्यानं धुऊ नका, वरून ऑईलपेंट फासू नका, खालचा रंग कायमचा जातो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, भिंतीपासून आणि जमिनीपासून थोडी वर, ओल नसलेल्या जागी ठेवा, मधून मधून वाळवी पाहा. आणि दारात कुणी आलं, तर त्याच दिवशी हो म्हणू नका. विसार घेऊ नका. बैठकीत सांगा.

आमच्या आजींचा घोडा आता माळ्यावर नाही, मजघरात पाटावर आहे. या दसऱ्याला नातीनं सुट्टीत येऊन त्याला कुंकू लावलं. आजींनी तिला सांगितलं, की याच्या डाव्या बाजूला एक जागा रिकामी ठेवायची असते. ते आम्ही वहीत लिहून घेतलं.